सोशल मीडियामुळे आंदोलन पटकन उभं राहतं, पण पुढे काय?

रानवाट:
नेपाळमधला सप्टेंबर २०२५ सगळ्यांना आठवत असेल. ४ तारखेला सरकारने फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॅप, यूट्यूब धरून २६ प्लॅटफॉर्म बंद करायचा आदेश काढला, ८ तारखेला शाळा-कॉलेजातली पोरं रस्त्यावर उतरली, त्या एका दिवसात १९ जणांचा जीव गेला, ९ तारखेला पंतप्रधान ओलींचा राजीनामा, संसदेला आग, आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्कींचा हंगामी पंतप्रधान म्हणून शपथविधी. कोणाचं नाव पुढे करायचं यावर खल कुठे झाला तर डिस्कॉर्डवर, म्हणजे मुळात गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांसाठी निघालेल्या अ‍ॅपवर, लाखाच्या वर मेंबर असलेल्या एका सर्व्हरमध्ये.

वाचताना ऊर भरून येत होता आणि धास्तीही वाटत होती. धास्ती अशी की इतक्या वेगाने जमलेल्या लोकांना एकमेकांची ओळख तरी कधी झाली? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीचा २८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा घ्या, अडीच लाखांच्या आसपास माणसं आली होती. बेयार्ड रस्टिन नावाच्या माणसाने आणि त्याच्या छोट्या टीमने दोन महिने राबून बसगाड्या, लाउडस्पीकर, पाणी, संडास, स्वयंसेवक सगळं बसवलं. त्या दोन महिन्यांत भांडणं झाली, मिटली, कोण शब्द पाळतो नि कोण ऐनवेळी गायब होतो ते कळलं. आता तेवढी गर्दी एका हॅशटॅगवर दोन दिवसांत जमते आणि ही मधली सगळी शिकवणी बुडते. झेनेप तुफेकी या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हा मुद्दा फार नीट मांडलाय, तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

गर्दी जमवणं सोपं झालं ते चांगलंच झालं असं मी मानतो. पण पूर्वी गर्दी जमवायच्या खटाटोपातून जी माणसं तयार व्हायची ती आता कुठून येणार? तुमचे अनुभव लिहा. पक्षांच्या भांडणात नका शिरू प्लीज.

चौकस:
चांगला विषय. वाचतेय.

बंडोपंत:
सोशल मीडियाला जरा जास्तच श्रेय मिळतंय असं माझं मत. २००९ मध्ये इराणच्या निवडणुकीनंतर लोक उठले तेव्हा सगळीकडे 'ट्विटर क्रांती' म्हणून गाजावाजा झाला, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ट्विटरला मेंटेनन्सचं काम पुढे ढकला म्हणून विनंती केली होती. पण इराणच्या आत ट्विटर वापरणारे होते किती? बाहेर बसून वाचणारेच जास्त. आणि सत्ता काही हलली नाही.

दुसरं उदाहरण इजिप्तचं. २८ जानेवारी २०११ ला सरकारने इंटरनेट आणि मोबाइल दोन्ही तोडलं. आंदोलन इंटरनेटवर उभं असतं तर त्या दिवशी बसायला हवं होतं, पण त्याच दिवशी रस्ते जास्त भरले. पोरगं कुठंय ते कळेना म्हणून आई-बाप घराबाहेर पडले. ११ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मुबारक यांची सत्ता गेली. माणसं भुकेने, अपमानाने उठतात हो. अ‍ॅपमुळे नाही उठत.

गार्गी_स:
बंडोपंत, अर्धं पटलं, अर्धं नाही. अपमान तर वर्षानुवर्षं होताच ना, मग त्याच वर्षी का उठले?

ट्युनिशियातच बघा. २००८ मध्ये गाफ्सा भागात खाणकामगारांनी कित्येक महिने आंदोलन चालवलं, सरकारने तो भाग वेढला, बातमी बाहेर पडू दिली नाही आणि ते चिरडलं. बाकीच्या देशाला धड कळलंही नाही. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बूझीदमध्ये मोहम्मद बुअझीझी नावाच्या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं तोवर लोकांच्या हातात कॅमेरावाले फोन होते. त्याच्या नातेवाइकाने तिथल्या निदर्शनांचा व्हिडिओ काढून फेसबुकवर टाकला, तो अल जझीरा वाहिनीने उचलला, आणि १४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला. राग जुनाच होता. "मी एकटाच चिडलेला नाही" हे लाखो लोकांना एकाच वेळी कळणं हे नवीन होतं, आणि भीती जाते ती तिथेच.

इजिप्तमध्येही नेट तुटायच्या आधीची तयारी विसरू नका. जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालेद सईद नावाच्या तरुणाला पोलिसांनी मारलं, त्याच्या नावाने फेसबुक पेज निघालं, कित्येक महिने लोक तिथे जमत होते, काळे कपडे घालून समुद्राकडे तोंड करून नुसते उभे राहत होते. २५ जानेवारीची हाक त्याच पेजवरून गेली. म्हणजे नेट बंद झालं तेव्हा काम होऊन गेलं होतं.

बंडोपंत:
"काम होऊन गेलं होतं" हे मान्य. पण मग नंतर? ३ जुलै २०१३ ला लष्कराने सत्ता घेतलीच ना परत. चौकात जमलेल्या तरुणांकडे ना पक्ष होता ना गावोगावी कार्यकर्ते. जे संघटित होते तेच पुढे आले, आधी मुस्लिम ब्रदरहूड ही धार्मिक संघटना, मग फौज. रानवाट म्हणतोय ते हेच.

घाटमाथा:
माझा अनुभव खूप छोटा आहे, सरकार वगैरे पाडायचा नाही, फीवाढीविरोधी आंदोलनाचा आहे, पण इथे अगदी चपखल बसतो म्हणून सविस्तर लिहितो.

कॉलेजने अचानक फी वाढवली. रात्रीतून व्हॉट्सॅप ग्रुप झाला, सकाळपर्यंत फुल्ल, मग भाग २, भाग ३. कोणीतरी "उद्या १० वाजता गेटवर" एवढंच लिहिलं आणि ते सगळीकडे फॉरवर्ड झालं. कोणी लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर इतकी पोरं की रस्ता बंद. घोषणा, रील्स, लाइव्ह, सगळं जोरात.

तासाभरात आतून निरोप आला, पाच प्रतिनिधी पाठवा, बोलू. आणि गेटवर एकदम शांतता. कोण पाच? ज्याने ग्रुप काढला तो म्हणाला मी अ‍ॅडमिन आहे मी जातो. घोषणा देणारी पोरं म्हणाली आम्ही घसा कोरडा केला, आम्ही जाणार. मुली म्हणाल्या पाचात आमची एक तरी हवी. अर्धा तास त्यातच गेला. शेवटी जे पुढे उभे होते ते गेले. आत गेल्यावर मागणी काय विचारलं तर एक म्हणतो पूर्ण वाढ रद्द करा, दुसरा म्हणतो हप्ते द्या, तिसऱ्याने हॉस्टेलचा विषय काढला. समोरची माणसं मुरलेली, त्यांनी "विचार करू" म्हणून चहा पाजून पाठवून दिलं.

पण खरं नुकसान बाहेर झालं. हे पाच आत असतानाच कोणीतरी लाइव्हवर "सेटलमेंट झाली, आपले लोक विकले गेले" असं बोललं. ते पाच बाहेर आले तेव्हा त्यांच्या नावाने शिव्या चालू. त्यातला एक अत्यंत सरळ मुलगा होता, तो परत कुठल्याच गोष्टीत पडला नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर निम्मी गर्दी, तिसऱ्या दिवशी शुकशुकाट.

नंतरच्या बॅचने वेगळं केलं. आधी प्रत्येक वर्गाने दोन-दोन जण निवडले. मग मागण्या कागदावर, खाली सह्या. चर्चेला कोण जाणार, कशावर तडजोड चालेल आणि कशावर नाही हे आधी ठरवलं, आणि बाहेर काय बोलायचं ते एकच जण बोलणार. गर्दी आमच्यापेक्षा कितीतरी कमी होती. त्यांना हप्त्यांची सवलत मिळाली, आणि लेखी मिळाली.

निशाचर:
ग्रुपचं नाव आणि डीपी बदलायची परवानगी सगळ्यांना ठेवली की पहिली फूट तिथेच पडते, हे मी तीन आंदोलनांत बघितलंय :)

बाकी घाटमाथा, "कोण पाच?" हा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे डिट्टो हेच झालं होतं.

उन्मनी:
माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. लोकांना वाटतं डीपी काळा केला की झालं काम. अमेरिकेत पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची हत्या झाली, त्यानंतर २ जून २०२० ला इन्स्टावर लाखो लोकांनी काळे चौकोन टाकले, बऱ्याच जणांनी त्याला ब्लॅक लाइव्ज मॅटरचा हॅशटॅग लावला. झालं काय, तर कुठे निदर्शनं आहेत, कोणाला वकील हवाय, जामिनासाठी मदत कुठे द्यायची ही माहिती लोक ज्या हॅशटॅगवर शोधत होते तो हॅशटॅग उघडला की नुसता काळा पडदा. कार्यकर्ते हात जोडून सांगत होते की अहो तो हॅशटॅग तरी काढा. पाठिंबा देणाऱ्यांनीच वाट बंद केली.

हेतू वाईट नव्हता कोणाचाच. पण आपल्याला काहीतरी केल्यासारखं वाटणं आणि समोरच्याच्या उपयोगी पडणं यात केवढं अंतर आहे.

वेदश्री:
उन्मनी, मुद्दा बरोबर आहे पण स्क्रीनवरच्या पाठिंब्याला सरसकट कमी लेखू नका ही कळकळीची विनंती. मी व्हीलचेअरवर आहे. मोर्च्यात चालणं मला जमत नाही, धक्काबुक्की झाली तर बाहेर पडता येत नाही. घरी आजारी माणूस असलेल्या, तान्हं बाळ असलेल्या, मोर्च्यात दिसलं तर नोकरी जाईल अशा कितीतरी जणी आहेत. आमच्यासाठी दुसरी जागाच नव्हती.

आणि मीटू, म्हणजे लैंगिक छळाबद्दल बायकांनी 'माझ्यासोबतही' म्हणून बोलणं, ते कुठे रस्त्यावर झालं? तराना बर्क यांनी २००६ पासून ते शब्द वापरून काम चालवलं होतं, ऑक्टोबर २०१७ मध्ये ते जगभर गेलं. बायकांनी घरात बसून, कित्येकींनी रात्री जागून, आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. ते "नुसतं क्लिक" नव्हतं. ती पोस्ट लिहायला काय लागतं ते लिहिणारीलाच माहीत.

उन्मनी:
वेदश्री, तुमच्या बोलण्यात दम आहे. तुम्ही सांगताय त्यात स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं असतं, काळ्या चौकोनात लागत नाही. माझा आक्षेप तेवढ्यापुरताच. आणि बर्क यांचं अकरा वर्षांचं काम आधी होतं हे तुम्हीच सांगितलंत, ते महत्त्वाचं आहे.

शब्दवेडा:
अजून एका गोष्टीकडे कोणी बघितलं नाही, नेता कोण होणार हे कोण ठरवतं? पूर्वी ज्याने वर्षानुवर्षं काम केलं तो पुढे यायचा, किंवा निदान ज्याच्या पाठीशी संघटना तो यायचा. आता ज्याचा व्हिडिओ चालला तो. आणि व्हिडिओ कोणाचा चालणार ते कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो, त्याला लोक किती वेळ थांबले, किती चिडून कमेंट केली एवढंच कळतं. समजुतीने बोलणारा माणूस त्या गणितात मागे पडतो.

फ्रान्समधलं पिवळ्या जॅकेटवाल्यांचं आंदोलन याचं चांगलं उदाहरण आहे. इंधन करवाढीवरून ऑनलाइन याचिका, मग फेसबुक ग्रुप, आणि १७ नोव्हेंबर २०१८ ला देशभर चौकाचौकात माणसं. डिसेंबरात सरकारने ती करवाढ मागे घेतली, म्हणजे यश मिळालंच. पण सरकारशी बोलायला कोणी प्रतिनिधी म्हणून पुढे आलं की त्यालाच ग्रुपमधून "तुला कोणी निवडलं" म्हणून धमक्या. घाटमाथांच्या गेटवर जे झालं तेच एका अख्ख्या देशात झालं बघा.

सावनी_प:
मी एका स्वयंसेवी गटात आंदोलनांचे व्हिडिओ तपासायचं काम करते, थोडं आतलं लिहिते.

आमच्याकडे क्लिप आली की आधी आवाज बंद करून बघायची, कारण किंकाळ्या ऐकल्या की डोकं चालत नाही. मग दुकानांच्या पाट्यांची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेट, पोलिसांचा युनिफॉर्म, ढाली, सावल्या किती लांब आहेत, रस्ता ओला आहे का. मग फ्रेम काढून रिव्हर्स सर्च, म्हणजे तेच चित्र नेटवर आधी कुठे आलंय का ते शोधायचं. एका रात्री एका म्हाताऱ्याला फरपटत नेतानाचा व्हिडिओ आला, "आज सकाळचा" म्हणून. भयंकर होता. पण मागे उभे असलेले सगळे जाड स्वेटरमध्ये, आणि जिथलं म्हणून सांगितलं जात होतं तिथे भर उन्हाळा. शोधलं तर कित्येक वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच देशातला. आम्ही खुलासा टाकला तोपर्यंत तो कुठच्या कुठे गेला होता, आणि खुलासा वाचणारे मोजकेच.

याचा दुसरा परिणाम मला जास्त घातक वाटतो. एक खोटा व्हिडिओ सापडला की दुसऱ्या बाजूला हत्यार मिळतं, मग खरे दहा दाखवले तरी "हेही जुनंच असेल" म्हणतात. आता एआयमुळे तर काही न तपासता "बनवलेलं आहे" म्हणायची सोय झालीय. ज्याच्यावर खरोखर लाठी पडली त्याला पुरावा देऊनही कोणी विश्वास ठेवत नाही, याइतकं वाईट काही नाही.

आणि मूळ फाइल जपून ठेवा रे. व्हॉट्सॅपवरून फिरलेल्या क्लिपमधली तारीख-वेळेची माहिती उडते. २०१७ मध्ये यूट्यूबच्या ऑटोमॅटिक यंत्रणेने सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ हिंसक म्हणून काढून टाकले, त्यातले कित्येक अत्याचारांचे पुरावे होते. कंपनीच्या सर्व्हरवर टाकलं म्हणजे जपलं गेलं असं समजू नका.

निशाचर:
आवाज बंद करून बघायची कल्पना लक्षात ठेवतो. धन्यवाद सावनीताई.

कुहू:
यात सुरक्षिततेचा मुद्दा यायलाच हवा. २१ जानेवारी २०१४ ला कीव्हमध्ये निदर्शनांच्या जागेजवळ असलेल्या लोकांच्या फोनवर एसएमएस आला होता, साधारण असा की प्रिय ग्राहक, सामूहिक गोंधळात सहभागी म्हणून आपली नोंद झाली आहे. विचार करा, तुम्ही चौकात उभे आहात आणि खिशातला फोन तुम्हाला हे सांगतोय. तेच युक्रेनचं आंदोलन दोन महिन्यांपूर्वी एका पत्रकाराच्या फेसबुक पोस्टने सुरू झालं होतं. बोलावतो तोही फोनच आणि नाव कळवतो तोही फोनच.

बेलारूसमध्ये २०२० साली नेक्स्टा नावाच्या टेलिग्राम चॅनलवरून लाखो लोकांना कुठे जमायचं ते कळत होतं. मे २०२१ मध्ये त्याच्या माजी संपादकाला पकडायला सरकारने चक्क एक प्रवासी विमान मिन्स्कला उतरवलं. राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को अजून तिथेच.

म्हणून मोर्च्यात फोटो काढणाऱ्यांना पाया पडून सांगणं, लोकांचे चेहरे झाका मग टाका. तुम्हाला दोनशे लाइक मिळतील, पण त्या फोटोतल्या पोराच्या घरी कोण जाईल ते तुम्हाला दिसणार नाही.

बंडोपंत:
कुहू, हे वाचून हाँगकाँग आठवलं. २०१४ च्या छत्री आंदोलनाचे नेते नंतर तुरुंगात गेले, म्हणून २०१९ मध्ये पोरांनी मुद्दाम नेताच ठेवला नाही. एलआयएचकेजी नावाच्या फोरमवर प्रस्ताव टाकायचे, पसंती-नापसंती द्यायची, जे वर येईल ते करायचं. टेलिग्रामवर पोलिस कुठे आहेत त्याचे नकाशे. १६ जूनच्या मोर्च्याला आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे वीस लाखांच्या जवळ लोक होते. म्हणजे बिननेत्याचं असणं नेहमी बावळटपणा नसतो, कधी कधी तो जीव वाचवायचा मार्ग असतो. मी आधी जरा एकांगी बोलत होतो.

पण त्याची किंमतही तिथेच दिसली. ज्यावरून हे सगळं पेटलं ते प्रत्यार्पणाचं, म्हणजे आरोपींना चीनच्या ताब्यात देता येण्याचं विधेयक सप्टेंबरात मागे घ्यायचं जाहीर झालं, तेव्हा लोक "पाचही मागण्या, एकही कमी नाही" यावर आलेले होते. थांबायचं का, किती घेऊन थांबायचं, हे ठरवणारं कोणी नव्हतं. अर्थात बीजिंगने काही दिलं असतं का हा प्रश्न वेगळा. ३० जून २०२० ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला आणि संपलं.

शब्दवेडा:
फोरमवर मतदान घेऊन आंदोलन म्हणजे, इथे धाग्याचं शीर्षक काय ठेवायचं यावर तीन पानं होतात ते आठवलं. त्यांनी कसं निभावलं असेल! हॅट्स ऑफ.

रानवाट:
सगळे प्रतिसाद वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. सुदानचं उदाहरण राहून जायला नको.

एप्रिल २०१९ मध्ये हुकूमशहा बशीरची सत्ता गेली, पण लष्कर बसलंच होतं. ३ जूनला खार्तूममध्ये धरणं धरलेल्या लोकांवर हल्ला केला, शंभराच्या वर माणसं मारली आणि इंटरनेट तोडलं, ते पाचेक आठवडे बंद. बाहेरच्या जगात लोक डीपी निळा करत होते, कारण मारल्या गेलेल्या एका तरुणाचा डीपी त्या रंगाचा होता. पण देशाच्या आत नेटच नाही. तरी ३० जूनला लाखो लोक रस्त्यावर आले. कसे? गल्लोगल्ली 'प्रतिकार समित्या' होत्या. पत्रकं वाटली, भिंतींवर लिहिलं, एसएमएस केले, दारोदार गेले. नेट असताना बांधलेल्या ओळखी नेट नसताना कामाला आल्या. त्यानंतर लष्कराला चर्चेला बसावं लागलं.

पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये परत बंड झालं आणि २०२३ पासून युद्धाने देशाची राखरांगोळी झालीय, त्यामुळे याला यशोगाथा म्हणायला जीभ धजत नाही. पण त्या युद्धातही त्याच समित्यांची माणसं वस्त्यांमध्ये सामुदायिक स्वयंपाकघरं चालवतायत, जखमींना हलवतायत. एवढं टिकलं ते फॉलोअर संख्येमुळे टिकलेलं नाही.

आडवळण:
दिल्लीच्या वेशीवरचं शेतकरी आंदोलन कसं कोणी काढलं नाही अजून? नोव्हेंबर २०२० ते डिसेंबर २०२१. तिथे आयटी सेल होता, यूट्यूब चॅनल होते, 'ट्रॉली टाइम्स' नावाचं छापील वर्तमानपत्रही काढलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये गायिका रिहानाने एक ट्वीट केलं आणि जगभर चर्चा. पण त्या सगळ्याच्या खाली जुन्या शेतकरी संघटना होत्या, गावागावातून पाळीपाळीने ट्रॉल्या येत होत्या, म्हणजे काही जण वेशीवर आणि मागे राहिलेले त्यांची शेती बघतायत. सरकारशी चर्चेच्या अकरा फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक वेळी आत कोण जाणार हे ठरलेलं होतं. घाटमाथांचा "कोण पाच?" हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. तिन्ही कायदे मागे घेतल्याची घोषणा १९ नोव्हेंबर २०२१ ला झाली.

त्यांचं फेसबुक पेज डिसेंबर २०२० मध्ये अचानक गायब झालं होतं, ओरड झाल्यावर काही तासांत परत आलं. इजिप्तमधल्या त्या खालेद सईदच्या पेजचंही असंच झालं होतं म्हणतात?

गार्गी_स:
हो, नोव्हेंबर २०१० मध्ये. चालवणारा टोपणनावाने चालवत होता आणि खरं नाव वापरा हा फेसबुकचा नियम, म्हणून पेज बंद केलं, तेही निवडणुकीच्या तोंडावर. इजिप्तमध्ये खरं नाव दिलं असतं तर तो आत गेला असता. शेवटी देशाबाहेरच्या एका बाईंनी स्वतःचं नाव पुढे केलं तेव्हा पेज परत आलं. म्हणजे आंदोलनाचा चौक एका कंपनीच्या मालकीचा, आणि तिचे नियम दुसऱ्याच देशात बसून लिहिलेले.

सरकारांचं तर विचारूच नका. अ‍ॅक्सेस नाऊ ही संस्था इंटरनेटबंदीची नोंद ठेवते, २०२४ मध्ये ५४ देशांत २९६ वेळा नेट तोडलं गेलं. बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये आरक्षणविरोधी आंदोलनाच्या ऐन भरात देशभर बंद केलं होतं, तरी ५ ऑगस्टला शेख हसीनांना जावंच लागलं.

मला आशा वाटते ती केनिया आणि सर्बियाकडे बघून. केनियात जून २०२४ मध्ये करवाढीचं विधेयक आलं तेव्हा तरुणांनी टिकटॉकवर त्याची कलमं स्थानिक भाषांमध्ये समजावून सांगितली, खासदारांचे नंबर काढून त्यांना मेसेजवर मेसेज पाठवले. माणसं मेली त्यात, ते विसरता येणार नाही, पण २६ जूनला राष्ट्राध्यक्ष रुटोंनी सही करणार नाही म्हणून जाहीर केलं. राग पसरवायला जे अ‍ॅप वापरतात तेच कायदा समजावायलाही वापरता येतं.

सर्बियात १ नोव्हेंबर २०२४ ला नोवी साद स्टेशनचं छत कोसळून माणसं गेली. विद्यार्थ्यांनी प्रत्येक फॅकल्टीत सभा घेऊन हात वर करून निर्णय घ्यायची पद्धत बसवली. आणि खेड्यातले लोक इन्स्टा बघत नाहीत, सरकारी बाजूचे टीव्ही चॅनल बघतात, हे ओळखून ही पोरं थंडीत पायी चालत गावोगावी गेली, सायकलवरून युरोपीय संसद असलेल्या स्ट्रासबर्गपर्यंत गेली. त्या चालण्याचे व्हिडिओ अर्थातच सगळीकडे गेले. मला हा मेळ फार आवडतो.

निशाचर:
अवांतर: एका जपानी कार्टूनमधला समुद्री चाच्यांचा झेंडा नेपाळ, इंडोनेशिया, मादागास्कर सगळीकडच्या निदर्शनांत दिसला २०२५ मध्ये. कवटीवर गवती टोपी. माझ्या भाच्याने तो ओळखला आणि मला समजावून सांगितला. भाषा वेगळ्या, देश वेगळे आणि खूण एकच, हे फक्त इंटरनेटनेच होऊ शकतं.

चौकस:
इतके दिवस नुसती वाचत होते, आता विचारतेच. आम्ही कंत्राटी कर्मचारी आहोत, पगार कायम उशिरा होतात, पीएफचा हिशोब देत नाहीत. आमचा टेलिग्राम ग्रुप आहे, त्यात बरेच जण आहेत, आणि सगळ्यांना वाटतंय की एक दणदणीत हॅशटॅग चालवावा आणि त्याच दिवशी ऑफिससमोर जमावं. धागा वाचून मला भीती वाटायला लागलीय. काय करू आधी?

घाटमाथा:
हॅशटॅगची तारीख पुढे ढकला. आधी प्रत्येक विभागातून दोन नावं काढा, शक्यतो समोरासमोर भेटून. चर्चेला कोण जाणार ते आत्ताच ठरवा, आणि चर्चा चालू असताना बाहेर लाइव्ह कोणी करायचं नाही हेही.

शब्दवेडा:
आणि मागण्या तीनच्या वर नकोत. कशावर तडजोड चालेल ते फक्त प्रतिनिधींना माहीत असू दे, ग्रुपवर टाकू नका. ग्रुपमध्ये समोरची माणसं असणारच असं धरून चाला.

सावनी_प:
पगाराच्या स्लिपा, बँकेच्या नोंदी, मेल यांच्या प्रती दोन जणांकडे वेगवेगळ्या ठेवा. पोस्ट करताना नाव, कर्मचारी क्रमांक झाकून.

कुहू:
टेलिग्रामचं साधं ग्रुप चॅट एंड-टू-एंड एनक्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही वाचता येऊ नये असं, नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. महत्त्वाचं बोलणं सिग्नल अ‍ॅपवर न्या, नाहीतर भेटून करा. सेटिंगमध्ये जाऊन नंबर लपवा.

वेदश्री:
ज्यांना त्या दिवशी येणं शक्य नाही त्यांनाही कामं वाटून द्या. पत्र टाइप करणं, फोन करणं, कागद लावून ठेवणं. मला असं काम दिलं गेलं तेव्हाच मी आंदोलनात आहे असं वाटलं.

बंडोपंत:
आणि आधी युनियनवाल्या एखाद्या जुन्या माणसाला भेटा. कामगार आयुक्तांकडे तक्रार कशी करायची, नोटीस किती दिवस आधी द्यायची हे त्यांना तोंडपाठ असतं. हॅशटॅग चालवायला तरुण पोरं आहेतच.

चौकस:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी विभागवार भेटायचं असं आजच ग्रुपवर टाकलं, चार विभागांतून नावं आलीसुद्धा, दोन विभाग अजून गप्प आहेत, त्यांना फोन करते. मागण्यांचा कच्चा मसुदा तयार झाला की इथे नाही टाकणार, पण कोणी बघून देईल का?

गार्गी_स:
मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पीएफचं पत्र वेगळं करावं लागेल, ते वेगळ्या कार्यालयात जातं. नमुना देते.